डाव्या हाताचा सूर

(मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात झालेल्या सप्रयोग भाषणाचं शब्दांकन. जिथे वाजवून दाखवलं, तिथे कंसात तशी नोंद केली आहे.)



श्रीखंडपुरीच्या जेवणानंतरचं सत्र संयोजकांनी मला दिलं, यात त्यांचा काहीतरी हेतू असणार. पेंग येत असेल तर खुशाल पेंगा. मध्ये मध्ये ड्रम वाजणार आहेत, जाग येईल.

सकाळी सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली. नोकरी, मुलं, नातवंडं, गुडघे. मी म्हणाले, "बँकेतून निवृत्त, सध्या कीबोर्ड वाजवते," तर मागून कुणीतरी विचारलं, "कॉम्प्युटरचा का गं?" नाही. हा समोर स्टँडवर ठेवलाय, तो. याला अरेंजर कीबोर्ड म्हणतात. यंत्राची साथ घेऊन, पण पियानोसारखे दोन्ही हात मोकळे ठेवून यावर कसं वाजवायचं, एवढाच माझा विषय आहे. ऐकायला सोपा वाटतो. मला त्यात पाच वर्षं गेली आणि अजून जातायत.

शाळेत मी प्रार्थनेला पेटी वाजवायचे हे बऱ्याच जणांना आठवत असेल. संगीताच्या बाई इथे बसल्या आहेत, त्यांनीच मला पेटीवर बसवलं. उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर. बाई, तुम्ही शिकवलेलं सगळं उजव्या हाताला आठवतं. डाव्याला मात्र एकच काम माहीत होतं, हवा भरायचं. यात बाईंचा दोष नाही, वाद्यच तसं आहे. आपल्या संगीत नाटकांत जो ऑर्गन असायचा, त्याचा भाता पायांनी मारायचा, म्हणून ऑर्गनवाल्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर असत. हातपेटी मांडीशी आली, बैठकीत आली, देवळात आली, शाळेत आली, फार सोयीची झाली. पण तिनं डावा हात कायमचा भात्याला जुंपला. मग बँकेत त्याच डाव्या हातानं मी बत्तीस वर्षं नोटांची बंडलं धरली आणि उजव्यानं मोजली. म्हणजे तिथेही तो हमालच.

निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात मी हा कीबोर्ड घेतला. दुकानदारानं एक बटण दाबलं, डाव्या बाजूची एक पट्टी दाबली, आणि अख्खा वाद्यवृंद सुरू झाला. (इथे वाजवून दाखवलं.) ऐकलंत? एक बोट. घरी आणल्यावर आठ दिवस मी हेच करत होते आणि शेजारीण विचारत होती, कुठला कार्यक्रम आहे म्हणून.

आत काय चालतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. या साथीच्या नमुन्याला 'स्टाइल' म्हणतात. एका स्टाइलमध्ये आठ वादक बसलेत असं समजा. दोन तालाचे, एक बासवाला, दोन कॉर्ड वाजवणारे, एक नुसते लांब सूर पसरून ठेवणारा, आणि दोन मधल्या जागा भरणारे. ते काय वाजवणार, हे कारखान्यातच भरलेलं असतं, बहुधा एकाच कॉर्डमध्ये. तुम्ही दुसरी कॉर्ड दाबलीत की यंत्र त्याच क्षणी सगळं त्या कॉर्डमध्ये बसवून घेतं. नुसतं उचलून वरखाली सरकवत नाही. मायनर कॉर्ड दिलीत तर गांधार कोमल करून घेतं. सुरुवातीला वाजणारा तुकडा वेगळा, मुख्य भागाचे तीन-चार प्रकार वेगळे, कडव्यावरून ध्रुवपदावर येताना वाजायचा 'फिल-इन' वेगळा, आणि शेवटाला 'एंडिंग'.

कॉर्ड सांगायच्या तऱ्हा अनेक. सगळ्यात सोपी एका बोटाची. माझ्या यामाहात सी एकटा दाबला तर सी मेजर, सोबत त्याच्या डावीकडची काळी पट्टी दाबली तर सी मायनर, डावीकडची पांढरी दाबली तर सेव्हन्थ. त्यापुढची तऱ्हा म्हणजे तीन-चार बोटांनी पूर्ण कॉर्ड धरायची. या दोन्हींत पट्ट्यांची वाटणी झालेली असते. माझ्याकडे एकूण ६१ पट्ट्या. त्यातल्या डावीकडच्या १९ कॉर्डसाठी, उरलेल्या ४२ उजव्या हाताच्या चालीसाठी. हा दुभाग बदलता येतो, पण कुठेतरी असतोच.

बँकेतला हिशेबी मेंदू असल्यामुळे काही दिवसांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. त्या १९ पट्ट्यांवर माझा डावा हात दाबत होता, पण त्याचा स्वतःचा असा आवाज येत नव्हता. तो दाबायचा आणि आवाज यायचा त्या आठ जणांचा. पेटीवर तो हवा भरत होता, इथे हुकूम देत होता. बढती झाली म्हणायची. पण सूर तेव्हाही त्याच्या वाट्याला नव्हता आणि आताही नाही. साठीला आल्यावर तरी या हातानं एकदा स्वतः वाजावं, असं मला फार वाटलं. का वाटलं ते सांगता येत नाही. काहींना या वयात हिमालयात जावंसं वाटतं.

यावर एक सोय असते. माझ्या वाद्यात तिचं नाव 'फुल कीबोर्ड', कॅसिओत 'फुल रेंज कॉर्ड', रोलंडच्या काही वाद्यांत 'पियानिस्ट'. नावं निरनिराळी, काम एकच: वाटणी रद्द. सगळ्या पट्ट्यांवर पियानो वाजतो, तुम्ही दोन्ही हातांनी पियानोसारखं वाजवायचं, आणि यंत्र दोन्ही हात मिळून कुठली कॉर्ड होते ते ऐकत राहतं आणि त्याप्रमाणे साथ देतं. (इथे तीच चाल आधी वाटणी ठेवून आणि मग 'फुल कीबोर्ड'वर वाजवली.) फरक कळला? दुसऱ्या वेळी साथ थोडी बावचळली. ती का, ते सांगते.

पहिली अडचण बासची. पियानोत डावा हात खालच्या सप्तकात जातो, तिथलं वजन तोच सांभाळतो. इथे खाली आधीच एक बासवाला उभा आहे. दोघं एकाच डबक्यात उतरलात की चिखल होतो. म्हणून डावा हात उचलून मधल्या सप्तकापाशी आणायचा. नाहीतर बासवाल्याला गप्प करायचं. आठही जणांना वेगवेगळं बंद करायची सोय असते. मी पुष्कळदा उलट करते: कॉर्डवाले दोघं, लांब सूरवाला, जागा भरणारे, सगळे बंद. मागे नुसते ताल आणि बास ठेवते. मग कॉर्डचं काम पूर्ण माझ्या हातांवर येतं. हे ऐका. (वाजवून दाखवलं.) आठ जणांपेक्षा हे तिघांचं जास्त भरलेलं वाटतं की नाही? दुकानात मात्र आठही जण चालू करून दाखवतात, कारण विकायचं असतं.

दुसरी अडचण आपल्या संगीताची आहे, आणि मला ती सगळ्यात गमतीची वाटते. भूप घ्या. सा रे ग प ध. डाव्या हातात सा-ग-प धरलंय आणि उजव्यानं चालीतला धैवत लावला. आपल्या कानाला तो भूपातला धैवत, सुंदर, थांबण्यासारखा. यंत्राला मात्र सा-ग-प-ध असे चार स्वर एकदम ऐकू येतात, आणि हेच चार स्वर दोन कॉर्डचे आहेत: सी सिक्स्थ किंवा ए मायनर सेव्हन्थ. त्यातली कुठली, ते बहुतेक खालचा स्वर कोणता यावरून ठरतं. हात जरा इकडेतिकडे झाला की ते ठरवतं ए मायनर, आणि बासवाला उडी मारून धैवतावर जाऊन बसतो. तुम्ही भूपात, तो भलत्याच गावाला.

यावर उपाय मला कुणी सांगितला नाही, पण माझ्या यंत्राचा स्वभाव ओळखून सापडला. 'फुल कीबोर्ड'मध्ये तिथं कॉर्ड बदलायला किमान तीन स्वर एकत्र लागतात. एक-दोन स्वरांकडे ते लक्ष देत नाही, आधीची कॉर्ड चालू ठेवतं. तेव्हा समेवर कॉर्ड स्वच्छ, तिन्ही बोटं एकाच वेळी पडतील अशी द्यायची, पेडलनं पियानोचा आवाज धरून ठेवायचा, डावा हात उचलायचा, आणि मग चाल एकेका स्वरानं हवी तिकडे न्यायची. धैवतावर कितीही थांबा. पुढच्या आवर्तनात पुन्हा कॉर्ड. तीन बोटांत हुकूम, एका बोटात गप्पा, असं मी माझ्या विद्यार्थिनींना सांगते. विद्यार्थिनी म्हणजे आमच्या सोसायटीतल्या दोन मुली आणि एक आजी.

आणि जिथे कॉर्डच नको, नुसता राग वाजवायचाय, तिथे मी सरळ वाटणीवर परत जाते आणि डाव्या हातात फक्त सा आणि प धरते. गांधार द्यायचाच नाही. या जोडीला यंत्रात वेगळी जागा आहे. मेजर-मायनरचा निवाडा न करता साथ नुसत्या षड्ज-पंचमावर चालते. तंबोऱ्याच्या जवळपास जाणारं या पेटीत काही असेल तर ते हे. यामाहानं आपल्याकडच्यांसाठी काढलेल्या पीएसआर-आय मालिकेत तानपुरा, तबला, आपले ठेके असं सगळं घातलंय. पण सा-प धरायला पैसे पडत नाहीत.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि पेटीवाल्यांनी ती नीट ऐकावी. पेटीची साथ कशी असते? गायक पुढे, पेटी पाठोपाठ. त्यानं काय घेतलं ते ऐकायचं आणि केसभर मागे राहून ते उचलायचं. बाईंनी आम्हाला हेच शिकवलं: गाणाऱ्याच्या पुढे जायचं नाही. इथे हा संस्कार आडवा येतो. कॉर्ड समेच्या जराशी नंतर पडली तर समेवर जुन्या कॉर्डचा बास वाजून गेलेला असतो. जराशी आधी पडली तर बास तिथेच, समेआधीच, नवा स्वर धरतो. बरोबर समेवरच द्यावी लागते, म्हणजे ती मनात आधी तयार पाहिजे. साथीदाराची सवय बाजूला ठेवून पुढाऱ्याची घ्यावी लागते. आपल्या पिढीच्या बायकांना ते जरा जड जातं. आपण आयुष्यभर पाठोपाठ चालत आलो. (टाळ्या.) टाळ्या नकोत, खरंच सांगतेय.

आता थोडा इतिहास, पटकन. ही आपोआप साथ जपानी लोकांनी शून्यातून काढली नाही. अ‍ॅकॉर्डियनच्या डाव्या बाजूला कॉर्डची बटणं फार आधीपासून आहेत. अमेरिकेत हॅमंड कंपनीनं १९५० साली कॉर्ड ऑर्गन काढला, डाव्या हाताला बटणं, बटणाला एक कॉर्ड, म्हणजे ज्यांना वाजवता येत नाही त्यांच्यासाठीच. १९५९ साली वुर्लिट्झरचं 'साइड मॅन' नावाचं तालाचं यंत्र आलं. १९८० नंतर कॅसिओ आणि यामाहानं हे सगळं काखेत मारून नेता येईल एवढ्या पेटीत बसवलं. कुणी म्हणतं, हे वाद्यच नव्हे. असेल. आपल्या हार्मोनियमलाही आकाशवाणीनं १९४० साली बंदी घातली होती आणि १९७१ साली ती अंशतः उठवली. तेवढ्या काळात घरोघरच्या पेट्या काही थांबल्या नाहीत.

पण या यंत्राबद्दल दुसरीही एक तक्रार आहे, ती मला अशी एका वाक्यात उडवून लावता येत नाही. ती करणारा आपल्याच वर्गातला आहे, आणि आज तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसलाय. आपला तबलजी. त्याला विचारूनच मी हे बोलतेय.

शाळेनंतर तो बरीच वर्षं एका ऑर्केस्ट्रात होता. तबला, ढोलकी, बोंगो. गणपतीचे दिवस, लग्नाचा हंगाम, कंपन्यांचे कार्यक्रम. तो सांगतो, आधी बासवाला गेला. मग अ‍ॅकॉर्डियनवाला. मग एके वर्षी कीबोर्डवाल्यानं नवीन पेटी आणली आणि आयोजकांच्या लक्षात आलं की दोन गायक आणि एक कीबोर्ड एवढ्यात कार्यक्रम होतो, जेवणाची ताटंही कमी लागतात. त्याला कुणी 'येऊ नकोस' म्हणालं नाही. फक्त फोन यायचे थांबले. मग त्यानं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते छान चालतं, मुलगी इंजिनिअर झाली. पण तबला कपाटावर गेला तो गेलाच.

या मेळाव्याच्या तयारीत ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की प्रार्थनेला कीबोर्ड आहेच, तेव्हा तबल्याची गरज नाही. खाली याचे नुसते दोन जोडलेले हात आले. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. मी त्याला फोन केला आणि रविवारी तालमीला घरी बोलावलं, तबला घेऊन. तो आला, तबल्याशिवाय. म्हणाला, "आधी ऐकतो."

आम्ही पाच-सहा जण गायला बसलो. मी केरव्याची एक स्टाइल लावली, लय बेताची ठेवली. त्यानं डोळे मिटून दोन-चार आवर्तनं ऐकली आणि म्हणाला, "हे ज्यानं भरलंय ना, त्याचा हात चांगला आहे. पण त्यानं ते एकदाच वाजवलंय." मग गाणं सुरू झालं. आता आपण साठीच्या घरातले. दोन ओळींमध्ये श्वास घ्यायला आपल्याला शाळेत लागायचा त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पहिल्या कडव्याच्या शेवटी सगळे एक मात्रा जास्त थांबलो. यंत्र थांबलं नाही. ते पुढच्या आवर्तनात गेलं आणि आम्ही त्याच्यामागे धावत सुटलो. दुसऱ्या वेळी मी नुसता ताल बंद केला आणि हा टीपॉयवर बोटांनी वाजवू लागला. तो थांबला आमच्यासाठी. पण बास यंत्राच्याच घड्याळावर चाललेला, तो थांबेना. म्हणजे अर्धं यंत्र बंद करून भागत नाही, हे तिथे सगळ्यांना दिसलं.

तिसऱ्या वेळी मी स्टाइल पूर्ण बंद केली. नुसता पियानो. आणि तिथं मला माझ्या डाव्या हाताचं नवल वाटलं. बासवाला गेल्यावर तो आपणहून खाली उतरला आणि त्याची जागा घेऊन वाजवायला लागला. पाच वर्षं पहाटे कानाला हेडफोन लावून त्या बासवाल्याच्या शेजारी बसल्याचा परिणाम असेल. सा कुठे द्यायचा, पंचमावर कधी जायचं, कडवं संपताना कसं चालत खाली यायचं, हे सगळं तो त्याच्याकडून शिकलाय. मला शिकवायला घरी माणसं आली नसती. निवृत्त बाईसाठी पहाटे पाच वाजता कोण बास घेऊन येणार? यंत्र आलं. तेव्हा त्याला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि टीपॉयवरची ती बोटं ऐकल्यावर, ही गेली तरी चालेल असंही म्हणवत नाही. दोन्ही गोष्टी माझ्या घरात एकाच रविवारी घडल्या. त्यांचा ताळेबंद मला अजून जुळवता आलेला नाही, आणि जुळवायची घाईही नाही.

ज्यांना कीबोर्ड घ्यायचाय, त्यांच्यासाठी दोन वाक्यं, कारण जेवताना चार जणांनी विचारलं. पियानोसारखं वाजवायचं असेल तर किती आवाज आणि किती स्टाइल आहेत ते मोजत बसू नका. पट्ट्या बोटांच्या जोराप्रमाणे लहानमोठा आवाज देतात का आणि दोन्ही हातांवरून कॉर्ड ओळखायची सोय आहे का, ते आधी बघा. सस्टेनचा पेडल घ्याच. डीजीएक्स-६७० सारख्या वाद्यांत पियानोच्या वजनाच्या ८८ पट्ट्या आणि स्टाइल दोन्ही मिळतं, पण ते जड असतं, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर विचार करा. नातवंडांसाठी घेताय असं सांगून घेतलात तरी हरकत नाही. आमच्या आजींनी तसंच केलं.

आता प्रार्थना. आपल्या सगळ्यांचे आवाज आता काळी एकला बसतात असं तालमीत ठरलंय, म्हणून मी ट्रान्सपोज एकनं वर करते. मी सीमध्येच वाजवेन, ऐकू येईल काळी एक. स्टाइल बंद. हे लाल बटण विझलेलं दिसतंय ना मागे बसलेल्यांना? ये रे, तबला सकाळीच काळी एकला लावून ठेवलायस, मी पाहिलंय. इथे माझ्या डावीकडे बस. आणि तुम्ही सगळे उभे राहा बरं, प्रार्थनेला आपण बसत नव्हतो.